रिकाम्या पॅडमधून वाहणारा प्रवाह: रबाळ्यातल्या एका अ‍ॅनालॉग बोर्डाचं प्रकरण

एप्रिलमध्ये बरोबर उत्तरं देणारा बोर्ड जुलैत बिघडलेल्या पंपालाही ‘ठीक’ म्हणू लागला. नमुने तेच होते आणि प्रोग्रॅमही तोच. एकही रेझिस्टर बदललेला नव्हता. बदलली होती ती फक्त रबाळे एमआयडीसीतल्या त्या गाळ्यातली हवा.

गाळा एका छोट्या युनिटचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पाण्याच्या पंपांवर बसवायचे बॅटरीवरचे कंपन-सेन्सर इथे तयार होतात. सेन्सर बेअरिंगच्या घरावर चिकटवायचा, कंपन मोजायचं आणि रेडिओने कळवायचं, असं साधं काम. पण तासातून एकदा मोजलं तर कॅव्हिटेशन (पंपातल्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटणं) हुकतं, कारण ते झटक्यांनी येतं आणि जातं. सतत ऐकत राहावं तर बॅटरी पुरत नाही. म्हणून सेन्सरमध्येच एक लहान न्यूरल नेटवर्क बसवायचं ठरलं, आणि ते अ‍ॅनालॉग ‘मेमरीतच गणित’ पद्धतीने चालवलं तर किती वीज वाचेल हा प्रश्न पुढे आला. चिप शोधत बसण्याआधी टेबलावर एक नमुना बोर्ड करून पाहायचा, हा निर्णय शहाणपणाचा होता. पुढचं सगळं त्या बोर्डाबद्दल आणि शेवटी मांडलेल्या विजेच्या हिशोबाबद्दल आहे.

आधी या पद्धतीचं आकर्षण कशात आहे ते. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ च्या आयएसएससीसी या चिप-रचनेच्या परिषदेत ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी दिलेले आकडे आजही या चर्चेत पहिले निघतात. ८ बिटी गुणाकाराला सुमारे ०.२ पिकोज्यूल (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग), ८ बिटी बेरजेला ०.०३. पण चिपबाहेरच्या डीरॅम मेमरीतून ३२ बिट आणायला ६४० पिकोज्यूल, म्हणजे ८ बिटी एका वेटमागे (नेटवर्क ज्या संख्येने इनपुटला गुणतं तिच्यामागे) १६०. गुणाकार-बेरजेच्या जवळजवळ सातशे पट खर्च नुसत्या ने-आणीचा. वाशीच्या एपीएमसीतून एक जुडी कोथिंबीर आणायला टेम्पो भाड्याने घ्यावा, तसा प्रकार.

अ‍ॅनालॉग पद्धतीत वेट जागचं हलत नाही. आडव्या तारांवर इनपुट व्होल्टेज म्हणून द्यायचं. प्रत्येक छेदावर वेटइतकी वाहकता असते. ओहमच्या नियमाने तिथे गुणाकार होतो, उभ्या तारेत प्रवाह एकत्र येतात आणि किरचॉफच्या नियमाने बेरीज होते. पूर्ण मॅट्रिक्सचा गुणाकार एका फटक्यात. खऱ्या चिपमध्ये छेदावर फेज-चेंज मेमरी, रेझिस्टिव्ह रॅम किंवा फ्लॅशचा सेल असतो; नमुना बोर्डावर साधे रेझिस्टर होते.

बोर्डाची रचना अशी. १६ आडव्या ओळी, म्हणजे कंपनाच्या १६ वारंवारता-पट्ट्यांची ऊर्जा. ८ आउटपुट. वाहकता ऋण होऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक आउटपुटला एक धन आणि एक ऋण असे दोन उभे स्तंभ. एकूण १६ स्तंभ, २५६ जागा. वेट्स −७ ते +७ अशा पूर्णांकांत बसवली. वेट धन असेल तर रेझिस्टर धन स्तंभात आणि ऋण स्तंभातली जागा रिकामी. ऋण असेल तर उलट. शून्याला दोन्ही रिकाम्या. त्यामुळे जास्तीत जास्त १२८ रेझिस्टर लागतात. एक एकक म्हणजे १ मायक्रोसीमेन्स, अर्थात १ मेगओहम. पुढे २ साठी ४९९ किलोओहम, ३ साठी ३३२, ४ साठी २४९, ५ साठी २००, ७ साठी १४३. ६ साठी हवा असतो १६७, पण १ टक्क्याच्या मालिकेत तो नाही. १६५ लावावा लागतो आणि वेट ६.०६ होतं. नेटवर्कला हेच खरे आकडे देऊन शेवटचं थोडं प्रशिक्षण पुन्हा केलं की प्रश्न मिटतो.

ओळींना व्होल्टेज द्यायला ८ चॅनेलचे १२ बिटी डॅक (अंकाचं व्होल्टेज करणाऱ्या चिप) दोन. संदर्भ व्होल्टेज २.५ व्होल्ट, इनपुट त्याच्या वर शून्य ते अर्धा व्होल्ट. प्रत्येक स्तंभाखाली प्रवाहाचं व्होल्टेज करणारा एक ऑप-अँप, फीडबॅकला ३३ किलोओहम. पूर्ण इनपुटवर एक एकक वेट म्हणजे आउटपुटवर १६.५ मिलिव्होल्ट. स्तंभातली सोळाही वेट्स ७ असली तरी ५६ मायक्रोअँपिअर येतात, आउटपुट २.५ वरून ०.६५ व्होल्टपर्यंत उतरतं आणि मोजमापाच्या टप्प्यात राहतं. वाचायला मायक्रोकंट्रोलरचाच १२ बिटी एडीसी (व्होल्टेजचा अंक करणारा), समोर १६ चॅनेलचा मल्टिप्लेक्सर. धन वजा ऋण ही वजाबाकी वाचल्यानंतर प्रोग्रॅममध्ये, आणि ८ गुणिले ४ चा दुसरा थरही तिथेच.

ऑप-अँपची पहिली निवड चुकली होती. हाताशी पडलेले एलएम३२४ लावले होते. त्यांच्या इनपुटला दहा-दहा नॅनोअँपिअरच्या पटीत प्रवाह लागतो आणि तो थेट बेरजेत मिसळतो. ते काढून एमसीपी६००४ लावले. त्यांचा इनपुट प्रवाह पिकोअँपिअरमध्ये असतो. ऑफसेट, म्हणजे ऑप-अँपच्या दोन इनपुटमधला उपजत फरक, मात्र ४.५ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, आणि स्तंभात एकूण २४ मायक्रोसीमेन्स जोडलेले असतील तर तो आउटपुटवर १.८ पट होऊन दिसतो. म्हणजे ८ मिलिव्होल्ट, अर्धं एकक. त्यावर उपाय सोपा: सगळ्या ओळी संदर्भावर ठेवायच्या, सोळाही स्तंभ वाचायचे आणि ते शून्य पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करायचं. शेडमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाट घालवायला प्रत्येक वाचन २० मिलिसेकंदांत पसरलेल्या २०० नमुन्यांची सरासरी म्हणून घेतलं. मेन्सची एक पूर्ण लाट सरासरीत आली की तिची बेरीज शून्य.

एप्रिलमध्ये साठवलेले चाचणी-नमुने या बोर्डावरून गेले आणि उत्तरं संगणकावरच्या उत्तरांशी जुळली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तेच नमुने दिल्यावर बिघाडाचे बरेचसे ‘ठीक’ मध्ये जाऊ लागले. ‘काल दुपारी तर बरोबर येत होतं,’ हे टेक्निशियनचं वाक्य त्या आठवड्यात रोज ऐकू आलं, आणि शोधाचा धागा त्यातच होता. सकाळी चूक जास्त व्हायची. दुपारी, एसी चार तास चालल्यावर, कमी.

पहिला संशय रेझिस्टरच्या तापमानावर गेला. संशय घेणं ठीक, पण आधी कागदावर गुणाकार करून पाहायचा. १०० पीपीएम (दशलक्षात १००) प्रति अंशाचा रेझिस्टर १५ अंशांनी ०.१५ टक्के बदलतो. एका वेटमध्ये एककाच्या दशांशाएवढी चूक त्याने होऊच शकत नाही. तरी अर्धा दिवस हेअर ड्रायरने रेझिस्टर गरम करण्यात गेला. गंमत म्हणजे ड्रायर लावला की बोर्ड सुधारायचा, म्हणून चुकीचा संशय आणखी पक्का झाला!

शून्य-सुधारणा दोन्ही महिन्यांत जवळजवळ सारखीच येत होती. म्हणजे ५ व्होल्टच्या ट्रॅककडून स्तंभात काही झिरपत नव्हतं. तसं असतं तर सगळ्या ओळी संदर्भावर असतानाही ते दिसलं असतं. चूक इनपुटबरोबर वाढत होती. याचा अर्थ एकच: ओळ आणि स्तंभ यांच्यामध्ये कुठेतरी नको असलेली वाहकता आहे. वेट नसलेल्या जागी वेट उगवलं आहे.

ते शोधायची चाचणी इतकी साधी आहे की ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती. एकाच ओळीला अर्धा व्होल्ट द्यायचा, बाकी पंधरा संदर्भावर, आणि सोळाही स्तंभ वाचायचे. मग पुढची ओळ. सोळा फेऱ्यांत २५६ वाहकतांचा पूर्ण तक्ता हाती येतो. तो रेझिस्टर-यादीशेजारी ठेवायचा. ज्या चौकटीत शून्य हवं तिथे शून्य आहे का, एवढंच बघायचं.

नव्हतं. ९ ते १६ या स्तंभांत रिकाम्या जागांवर ०.०५ ते ०.१ एकक दिसत होतं, आणि उजव्या कडेकडे जावं तसं वाढत होतं. ०.१ मायक्रोसीमेन्स म्हणजे १० मेगओहम. आउटपुटवर हे जेमतेम १.६५ मिलिव्होल्ट, एडीसीच्या दोन पायऱ्या. एकेक जागा तपासली तर कुणी दुर्लक्षच करेल. पण एका स्तंभात अशा दहा जागा आणि सगळी इनपुट मोठी असली तर पूर्ण एक एकक जमतं. थेंबे थेंबे तळं साचतं, ते इथे शब्दशः.

भिंगाखाली बोर्ड धरल्यावर कारण दिसलं. उजव्या बाजूच्या ०६०३ आकाराच्या रेझिस्टर-पॅडच्या जोड्यांमध्ये, जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या फटीत, फिकट तपकिरी चकचकीत कड होती. फ्लक्स. म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो राळेसारखा पदार्थ. रेझिस्टर हाताने सोल्डर केले होते, मग आयपीएत (आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये) बुडवलेल्या ब्रशने बोर्ड पुसला होता, नेहमीच्या सवयीने डावीकडून उजवीकडे. आयपीएने फ्लक्स विरघळवला, ब्रशने तो उजवीकडे ढकलला, आणि आयपीए उडून गेल्यावर तो तिथेच बसला. एप्रिलमध्ये तो कोरडा होता आणि जवळपास विद्युतरोधकच होता. जुलैत सापेक्ष आर्द्रता ८० च्या वर गेली, त्या थराने पाणी धरलं आणि त्यातले आयन फिरू लागले. ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर असलेल्या पट्ट्यात हवेतला खारटपणाही मदतीला येतो.

घाण हे निम्मंच कारण. निम्मी चूक आखणीची. वाचायला सोपं जावं म्हणून आठही धन स्तंभ डावीकडे आणि आठही ऋण स्तंभ उजवीकडे ठेवले होते. त्यामुळे गळती जवळजवळ सगळी ऋण बाजूला जमली, प्रत्येक आउटपुट खाली ओढलं गेलं आणि नेटवर्क ‘ठीक’ कडे झुकलं. धन आणि ऋण स्तंभ शेजारीशेजारी असते तर दोघांत सारखीच गळती झाली असती आणि वजाबाकीत बरीचशी गेली असती. खऱ्या चिपमध्येही जोडीचे सेल शेजारी ठेवायचं कारण हेच. तिथे फ्लक्स नसतो, पण तापमान आणि तारांचा रोध डावीकडून उजवीकडे बदलतोच.

दुरुस्ती या क्रमाने झाली. आयपीएचे दोन ट्रे: पहिल्यात बोर्ड बुडवून मऊ ब्रशने घासायचा, दुसऱ्यात ताज्या आयपीएत खळबळायचा आणि उभा धरून निथळायचा, पुसायचा नाही. मग ७० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये. बाहेर काढून थंड झाला की लगेच तक्ता मोजायचा आणि तो चांगला आला तरच अ‍ॅक्रिलिक कोटिंग मारायचं, कनेक्टर टेपने झाकून. अस्वच्छ बोर्डावर कोटिंग मारणं सगळ्यात वाईट, कारण घाण आतच कोंडली जाते आणि पुन्हा धुताही येत नाही. नव्या आखणीत धन-ऋण स्तंभ शेजारी आले, ०६०३ च्या जागी १२०६ आकाराचे मोठे रेझिस्टर घेतले आणि प्रत्येक रेझिस्टरच्या पोटाखालून २.५ व्होल्ट संदर्भाची बारीक गार्ड-रेघ नेली. बेरजेचा बिंदूही २.५ व्होल्टवरच असतो. त्यामुळे ओळीकडून येणारी गळती रेघेतच शिरते; रेघ आणि स्तंभ यांच्यात व्होल्टेजच नसतं, मग पुढे जाणार काय?

स्वीकाराची अट ठरली: कोणतंही शून्य ०.०२ एककाच्या वर नको, म्हणजे गळती ५० मेगओहमच्या वर हवी. हे ओल्या हवेत तपासायचं. त्यासाठी महागडा चेंबर लागत नाही. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात स्वयंपाकाच्या मिठाचा ओला चिखल वाटीत ठेवला की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. त्याहून कठोर परीक्षा हवी तर पोटॅशियम नायट्रेटचा, ९३ च्या जवळ. बोर्ड रात्रभर आत ठेवायचा, वायर झाकणातल्या भोकातून बाहेर, आणि सकाळी तक्ता. नवा बोर्ड मिठावर उत्तीर्ण झाला. नायट्रेटवर पहिल्या खेपेला तीन जागा अडल्या, तिन्ही कनेक्टरजवळच्या, टेप नीट न बसलेल्या.

आता टेबलावरचा बोर्ड जे दाखवू शकत नाही ते. एक, तारेचा रोध. पीसीबीच्या तांब्याला तो नगण्य. चिपमध्ये दोन सेलमधल्या तुकड्याला १ ओहम धरू. सेल २५ मायक्रोसीमेन्स, वाचन ०.२ व्होल्टवर, म्हणजे प्रत्येकी ५ मायक्रोअँपिअर. २५६ सेलच्या ओळीत टोकापर्यंतची घट ढोबळमानाने ५ मायक्रोअँपिअर गुणिले १ ओहम गुणिले २५६ चा वर्ग भागिले २: १६४ मिलिव्होल्ट. द्यायचे होते २००! घट झाली की प्रवाहही घटतो, म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही, पण दूरच्या सेलला त्याचं व्होल्टेज मिळत नाही हे नक्की. ६४ सेलला हीच घट १० मिलिव्होल्ट. सरासरी वाहकता कमाल वाहकतेच्या पाचव्या भागाएवढी असेल तर २ मिलिव्होल्ट, म्हणजे १ टक्का. आकार चौपट केला की घट सोळापट.

दुसरं, सरक, म्हणजे लिहिलेलं वेट काळाबरोबर आपोआप बदलणं. फेज-चेंज मेमरीची वाहकता वेळेच्या घाताने उतरते. घातांक ०.०५ धरला, तर लिहिल्यानंतर २० सेकंदांनी असलेली वाहकता महिन्याभराने ५५ टक्क्यांवर येते. सगळे सेल सारखेच उतरले तर आउटपुटला एका संख्येने गुणून भागतं. पण घातांक प्रत्येक सेलचा वेगळा, त्यात ०.०१ चा फरक असला की महिन्यानंतर १२ टक्क्यांची फारकत पडते आणि ती एका संख्येने भरून निघत नाही. या गोष्टी आयबीएमच्या मुक्त ‘एआयएचडब्ल्यूकिट’ या सॉफ्टवेअरमध्ये संगणकावर तपासता येतात. प्रशिक्षणाच्या वेळीच वेट्समध्ये कमाल वेटच्या ५ टक्क्यांएवढा यादृच्छिक गोंगाट मिसळायचा, म्हणजे नेटवर्क एकाच वेटवर विसंबत नाही. युनिटने जुलैच्या गळतीचा तक्ता याच गोंगाटाच्या जागी घालून पाहिला. नेटवर्कला आंघोळ न केलेला बोर्डही सोसतो का, हे कळतं.

आता विजेचा हिशोब. एका सेलचा खर्च: ०.२ चा वर्ग गुणिले ५ मायक्रोसीमेन्स गुणिले १०० नॅनोसेकंद, म्हणजे ०.०२ पिकोज्यूल. जवळजवळ फुकट. पण स्तंभाखाली एडीसी बसतो. तो पायरीमागे २० फेम्टोज्यूल घेतो असं धरलं तर ८ बिटांच्या, म्हणजे २५६ पायऱ्यांच्या, एका वाचनाला ५.१ पिकोज्यूल, ६४ ओळींत वाटून प्रत्येक गुणाकारामागे ०.०८. इथवर उत्तम. मात्र ८ बिटी इनपुट एकेक बिट करून दिलं तर एडीसी आठदा चालतो आणि ०.०८ चे ०.६४ होतात. म्हणून इनपुट पल्सच्या रुंदीत द्यायचं, प्रवाह कपॅसिटरवर साठवायचा आणि शेवटी एकदाच वाचायचं. तुलनेला डिजिटल बाजू: होरोविट्झ यांच्याच आकड्यांत चिपवरच्याच ८ किलोबाइट एसरॅम मेमरीतून ६४ बिट वाचायला १० पिकोज्यूल, म्हणजे वेटमागे १.२५, गुणाकार-बेरीज धरून दीड. अ‍ॅनालॉग ०.१, म्हणजे पंधरापट स्वस्त. एकेक बिटाने दिलं तर जेमतेम सव्वादोन पट.

एडीसीचा खर्च जास्त ओळींत वाटावा म्हणून मोठी जाळी हवी, तारेचा रोध म्हणतो लहान हवी. या ओढाताणीमुळेच खऱ्या चिपवर एक महाकाय जाळी नसते. २०२२ च्या न्यूरॅम चिपवर ४८ गाभे, म्हणजे वेगवेगळ्या लहान जाळ्या, आहेत, आयबीएमच्या १४ नॅनोमीटरच्या फेज-चेंज चिपवर २५६ गुणिले २५६ चे ६४.

आणि रबाळ्याच्या सेन्सरचं काय? सतत ऐकणाऱ्या नेटवर्कला सेकंदाला २० लाख गुणाकार-बेरजा लागत होत्या. सामान्य मायक्रोकंट्रोलरवर मेमरी-वाचनासकट प्रत्येकी सुमारे १ नॅनोज्यूल, म्हणजे २ मिलिवॅट. डिजिटल प्रवेगकावर, म्हणजे फक्त असल्या गणितासाठी केलेल्या सर्किटवर, दीड पिकोज्यूलच्या दराने ३ मायक्रोवॅट. अ‍ॅनालॉगवर ०.२. पण कंपन मोजणारा मेम्स अ‍ॅक्सेलरोमीटर ३.३ व्होल्टवर १ मिलिअँपिअर खातो: ३.३ मिलिवॅट, अखंड. ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-तासाच्या लिथियम सेलमध्ये ८.६ वॅट-तास असतात. आहे तसं चालवलं तर ६८ दिवस. गणित पूर्ण फुकट झालं तरी १०९. डिजिटलवरून अ‍ॅनालॉगवर जाऊन वाचणार होते ३.३ मिलिवॅटमधले २.८ मायक्रोवॅट.

म्हणून आधी सेन्सर बदलला. पिझो चकती आणि कमी विजेचा चार्ज अँप्लिफायर, दोन्ही मिळून ०.१ मिलिवॅटच्या आत. त्यानंतर मायक्रोकंट्रोलरचे २ मिलिवॅट डोळ्यांवर आले आणि गणित छोट्या डिजिटल प्रवेगकावर गेलं. रेडिओ सोडून मग हिशोब ०.१०३ मिलिवॅटचा उरतो. कागदावर नऊ वर्षांहून जास्त. तेवढ्यात बॅटरीची स्वतःची गळतीच तिला आधी संपवेल. अ‍ॅनालॉग चिपचा विचार युनिटने सोडलेला नाही, पण नेटवर्क शंभरपट मोठं झालं तरच: तेव्हा डिजिटलचे ३०० मायक्रोवॅट आणि अ‍ॅनालॉगचे २० यांत फरक पडतो. शिवाय पंपाच्या गरम घरावर मेमरी-सेलची वाहकता तापमानाने हलते, तिची भरपाई करणाऱ्या सर्किटचा खर्च त्या २० मध्ये अजून धरलेला नाही.

रेझिस्टरचा बोर्ड सध्या मिठाच्या डब्यात आहे. दर सोमवारी सकाळी, एसी लावायच्या आधी, त्याचा तक्ता घेतला जातो.